जुना ‘नॉर्मल’ अहवाल आणि नवी चाचणी : जन्मजात हृदयदोषानंतरच्या गुणसूत्र तपासणीचा माझा अनुभव

जन्मजात हृदयदोष घेऊन वाढलेल्या आणि आता स्वतःच्या मुलाचा विचार करणाऱ्या प्रौढांसाठी मी हे लिहीत आहे. नवजात बाळांच्या जनुकीय तपासणीविषयी बरीच माहिती मिळते. परंतु लहानपणी शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या आणि तिशी ओलांडलेल्या रुग्णाने ही तपासणी करायची ठरवली तर क्रमाने काय काय घडते, हे मला कुठे सलग वाचायला मिळाले नव्हते. माझी तपासणी आता पूर्ण झाली आहे आणि सगळे तपशील अजून लक्षात आहेत, म्हणून ते नोंदवून ठेवते.

माझा जन्म १९९१ चा. मला टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयदोष होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, फुफ्फुसाकडे रक्त नेणारा मार्ग अरुंद, महाधमनी आपल्या जागेवरून सरकून पडद्यातील छिद्राच्या वर आलेली आणि या सगळ्याचा ताण पडून जाड झालेला उजवा कप्पा, असे चार दोष त्यात एकत्र असतात. १९९३ मध्ये माझी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वेळी गुणसूत्रांची एक तपासणीही झाली. तिच्या पिवळ्या पडलेल्या कागदावर ‘४६, एक्स एक्स, नॉर्मल’, म्हणजे स्त्रीची नेहमीची ४६ गुणसूत्रे, एवढेच लिहिलेले आहे. ‘गुणसूत्रांत काही दोष नाही’ हे वाक्य आमच्या घरात त्या कागदाच्या आधाराने तीस वर्षे बोलले गेले.

२०२४ च्या जानेवारीत वार्षिक तपासणीला गेले असता, आम्ही मुलाचा विचार करत आहोत, असे मी हृदयरोगतज्ज्ञांना सांगितले. त्यांनी तो जुना कागद नीट वाचला आणि म्हणाले, “ही तपासणी चुकीची नाही, पण आज मला जे विचारायचे आहे, त्याचे उत्तर तिच्यात नाही.” पुढे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला फार उपयोगी पडले. जुनी तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, रक्तातील जिवंत पेशी वाढवून, त्यांचे विभाजन नेमक्या टप्प्यावर थांबवून आणि गुणसूत्रे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली केली जाते. संख्येतील फरक तिच्यात स्पष्ट दिसतो. डाऊन सिंड्रोममधील एकविसावे जादा गुणसूत्र किंवा टर्नर सिंड्रोममधील एका एक्सचा अभाव तिच्यातून सुटत नाही. परंतु एखाद्या गुणसूत्राचा तुकडा गळलेला असेल, तर तो साधारण ५० लाख ते १ कोटी बेसपेअर (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या) इतका मोठा असल्याशिवाय सहसा दिसत नाही. माझ्यासारख्या हृदयदोषात सर्वात आधी जी शंका घ्यायला हवी, त्या २२क्यू११.२ डिलिशनमध्ये, म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळण्यामध्ये, बहुतेकांचा गळलेला तुकडा २५ ते ३० लाख बेसपेअरचा असतो. तो टिपणारी फिश ही चाचणी माझ्या शस्त्रक्रियेच्या सुमारास नुकतीच येऊ लागली होती, आणि आज वापरली जाणारी मायक्रोअ‍ॅरे तर पुष्कळ नंतरची. अस्पष्ट कारणाच्या विकासविलंबासाठी आणि जन्मजात दोषांसाठी मायक्रोअ‍ॅरे ही पहिल्या पसंतीची चाचणी असावी, अशी तज्ज्ञांची शिफारस २०१० मध्ये आली.

टेट्रालॉजीच्या रुग्णांपैकी साधारण १० ते १५ टक्के जणांमध्ये हे डिलिशन सापडते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. माझा लगेच प्रश्न होता, “हृदय तर दुरुस्त झाले आहे, मग आता हे कळून काय उपयोग?” त्यांनी एकेक कारण सांगितले. हे डिलिशन असेल तर प्रत्येक गरोदरपणात ते मुलाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. पॅराथायरॉइड ग्रंथी कमकुवत असल्यामुळे कॅल्शियम घसरू शकते आणि शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यांसारख्या ताणाच्या वेळी ते विशेष घसरते. प्रतिकारशक्तीची कमतरता असल्यास रक्त देण्यापूर्वी त्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते, आणि मला पुढेमागे फुफ्फुसाच्या झडपेची शस्त्रक्रिया लागणार असल्याने ही बाब महत्त्वाची होती. या डिलिशनच्या प्रौढ रुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश जणांना स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार होतो, हेही त्यांनी लपवले नाही. ते ऐकताना मनावर दडपण आले. तरी अर्धवट माहिती घेऊन घरी जाण्यापेक्षा हे बरे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

जनुकीय समुपदेशनाची वेळ मार्चमध्ये मिळाली. मधल्या काळात कागदपत्रे जमवण्याचे काम होते आणि ते वाटले त्याहून वेळखाऊ निघाले. शस्त्रक्रियेचा मूळ अहवाल, सर्वात अलीकडचा इको आणि एमआरआय, जुनी गुणसूत्र तपासणी, लहानपणीचे चेहरा स्पष्ट दिसणारे फोटो आणि तीन पिढ्यांची कुटुंबाची माहिती, एवढे त्यांनी मागितले होते. शस्त्रक्रिया जिथे झाली, तिथल्या नोंद विभागाकडे लेखी अर्ज करावा लागला. इतक्या जुन्या नोंदी नष्टही केल्या जातात. त्यामुळे ज्यांची शस्त्रक्रिया जुनी आहे त्यांनी हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा, तपासणीचा निर्णय झालेला नसला तरीही.

तीन पिढ्यांची माहिती गोळा करणे हा या प्रवासातला सर्वात नाजूक भाग ठरला. कुणाचे गर्भपात झाले, कुणाचे मूल तान्हेपणी गेले, कुणाला टाळू दुभंगलेली होती, कुणाला शिकणे जड गेले, कुणाला मानसिक आजार होता, असे सगळे विचारायचे असते. आई आधी “आपल्याकडे तसलं काही नाही” एवढेच म्हणाली. दोन दिवसांनी तिने आपणहून फोन केला आणि मावशीचे पहिले बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच निळे पडून गेले होते, असे सांगितले. त्या काळात निदान झाले नव्हते आणि त्याविषयी घरात पुन्हा कुणी बोलले नव्हते. मावशीच्या घरी मी शेकडो वेळा राहिले आहे; मला हे ठाऊक नव्हते. अशी माहिती विचारताना उत्तर ताबडतोब मिळावे असा आग्रह धरू नये. माणसांना आठवायला आणि बोलण्याचा धीर करायला अवधी लागतो.

समुपदेशनाची भेट तासाभराहून मोठी होती. समुपदेशक बाईंनी वंशावळ कागदावर चिन्हांनी काढली आणि मावशीच्या बाळाचे चिन्ह काढताना, ते हयात नसल्याची खूण म्हणून, त्याच्यावर तिरकी रेघ मारली. त्यानंतर जनुकतज्ज्ञांनी मला तपासले. डोळ्यांतील अंतर, कानांची ठेवण, बोटांची लांबी, टाळू, पाठीचा कणा आणि आवाजातील अनुनासिकपणा, हे सगळे बारकाईने पाहिले आणि मोजले गेले. आपला चेहरा आयुष्यभर केवळ आपला असतो. तो एखाद्या खुणेच्या शोधात मोजला जाताना मला संकोच वाटला. त्यांना तो दिसला असावा, कारण त्यापुढे त्यांनी प्रत्येक माप घेण्याआधी ते कशासाठी घेत आहेत हे सांगितले. कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक आणि थायरॉइड यांच्या साध्या रक्तचाचण्या त्याच दिवशी करून घेतल्या. त्या सगळ्या व्यवस्थित आल्या. पण केवळ त्यावरून डिलिशन नाही असे म्हणता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

कोणती चाचणी करायची, यावर बराच वेळ बोलणे झाले. फिश चाचणी तुलनेने स्वस्त असते आणि तिचा निकाल काही दिवसांत येतो; परंतु ती एका ठरावीक जागेपुरतेच सांगते, तो तुकडा आहे की नाही. मायक्रोअ‍ॅरे सर्व गुणसूत्रांवर एकाच वेळी नजर टाकते आणि साधारण ५० हजार ते १ लाख बेसपेअरपर्यंतचे कमी-जास्त तुकडे टिपते, मात्र तिचा खर्च कॅरिओटाइपच्या काही पट असतो. शिवाय तिलाही मर्यादा आहेत. दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले असतील आणि एकूण प्रमाण तेवढेच राहिले असेल, तर मायक्रोअ‍ॅरेला ते कळत नाही. ते कॅरिओटाइपलाच कळते. त्यामुळे माझा १९९३ चा कागद निरुपयोगी नव्हता. दोन्ही मिळून चित्र पुरे होणार होते. डीएनएमधील एकाच अक्षराच्या बदलामुळे होणारे आजार, उदाहरणार्थ नूनन सिंड्रोम, या दोन्हींत दिसत नाहीत, त्यासाठी जनुकांचा क्रम वाचणारी वेगळी चाचणी लागते. मायक्रोअ‍ॅरे करावी, असे ठरले.

संमतीपत्र कित्येक पानांचे होते आणि ते घरी नेऊन वाचण्याची मुभा मिळाली. हृदयाशी संबंध नसलेले, पण आरोग्यासाठी महत्त्वाचे काही सापडले तर ते कळवावे का, उरलेला नमुना साठवावा का, नाव काढून टाकून माहिती संशोधनासाठी द्यावी का, असे त्यात वेगवेगळे प्रश्न असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देता येते. आईवडिलांचे नमुने तपासल्यास नात्याविषयीची अनपेक्षित माहितीही उघड होऊ शकते, असे एक कलम होते. मी आणि नवऱ्याने एका रविवारी बसून ते ओळीओळीने वाचले. जीवनविम्यावर या निकालाचा परिणाम होतो का, याचे नियम सगळीकडे सारखे नाहीत, म्हणून सही करण्यापूर्वी तेही विचारून घ्यावे.

खर्चाचा काही भाग आरोग्यविम्यातून मिळावा म्हणून आम्ही पूर्वमंजुरीचा अर्ज केला. तो आधी परत आला, कारण पत्रात फक्त ‘जनुकीय तपासणी आवश्यक’ असे लिहिले होते. दुसऱ्या पत्रात हृदयदोषाचे नाव, नियोजित गरोदरपण, संभाव्य शस्त्रक्रिया आणि निकालानुसार उपचारांत नेमका काय बदल होईल, हे तज्ज्ञांनी लिहून दिल्यावर अंशतः मंजुरी आली. आईवडिलांच्या चाचण्यांचा खर्च मात्र त्यात धरला गेला नाही. तो लागण्याची शक्यता आधीच विचारात घेऊन पैशांची तजवीज करावी, असे मी प्रत्येकाला सांगेन.

एप्रिलच्या सुरुवातीला रक्त दिले. नोंदणीच्या खिडकीवर माझ्या अर्जातील ‘गुणसूत्र तपासणी’ या शब्दांवरून कॅरिओटाइपची नोंद झाली होती आणि बिलही त्याचेच निघाले होते. बिलावर चाचणीचे नाव वेगळे दिसल्यामुळे ते वेळीच लक्षात आले. अर्जावर ‘क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे’ असे पूर्ण नाव लिहून घ्यावे आणि बिलाशी ताडून पाहावे. नळीच्या टोपणाचा रंगही सांगून जातो. मायक्रोअ‍ॅरेसाठी डीएनए लागतो, म्हणून रक्त सहसा जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घेतात. कॅरिओटाइपसाठी जिवंत पेशी लागतात, म्हणून ते हिरव्या टोपणाच्या हेपॅरिन नळीत घेतात आणि ते लवकर पोहोचावे लागते. त्यामुळे सुट्टीच्या आदल्या दिवशी असा नमुना देणे टाळावे. नुकतेच रक्त चढवले असेल तर तेही आधी सांगावे. बाळाची शस्त्रक्रिया ठरलेली असल्यास नमुना शक्यतो रक्त चढवण्यापूर्वीच घेतला जावा.

निकालाला तीन ते चार आठवडे लागतील असे सांगितले होते. प्रत्यक्षात मे महिना अर्धा सरला. या काळात मी माझ्या शाळेतील प्रगतिपुस्तकांकडे, गणितातील गुणांकडे, आवाजाकडे, अगदी हाताच्या बोटांकडेही नव्या संशयाने पाहत असे. जे आयुष्यभर स्वभाव म्हणून स्वीकारले होते, त्यालाही आता लक्षण म्हणायचे का, असा प्रश्न मनात येई. मी हे समुपदेशक बाईंना फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, “निकाल काहीही आला तरी तुम्ही कालपर्यंत ज्या होतात त्याच असणार आहात.” या वाक्याने भीती गेली नाही, पण रात्रीची झोप सुधारली.

निकाल ऐकायला नवरा सोबत होता. २२क्यू११.२ डिलिशन नाही. विल्यम्स सिंड्रोममध्ये गळणारा सातव्या गुणसूत्रावरील तुकडाही जागेवर आहे. मी सुटकेचा श्वास घेते न घेते तोच जनुकतज्ज्ञांनी दुसरे पान उलटले. एका गुणसूत्राच्या लांब भुजेवर सुमारे साडेचार लाख बेसपेअरचा एक तुकडा दोनऐवजी तीनदा होता, म्हणजे डुप्लिकेशन होते, आणि त्याच्यापुढे ‘अनिश्चित महत्त्व’ असे लिहिले होते.

अशा बदलांची पाच गटांत विभागणी करतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. मधल्या गटाचा अर्थ ‘थोडासा धोका’ असा नसतो. निर्णय करण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही, एवढाच असतो. हा भेद कळायला मला वेळ लागला. माझ्या डुप्लिकेशनच्या हद्दीत असलेल्या जनुकांपैकी एकाचाही हृदयाच्या घडणीशी ठाम संबंध दाखवलेला नव्हता, आणि नेमके एवढेच डुप्लिकेशन असलेल्या लोकांच्या नोंदीही अगदी मोजक्या होत्या. अशा वेळी पुढचे पाऊल म्हणजे आईवडिलांची तपासणी. बदल दोघांकडेही नसेल, तो माझ्यातच नव्याने निर्माण झाला असेल, तर संशय वाढतो. निरोगी आई किंवा वडिलांकडून आलेला असेल, तर तो कमी होतो.

बाबांनी काही न विचारता रक्त दिले. आई मात्र नमुना देऊन बाहेर आल्यावर बाकावर बसून राहिली आणि तिने विचारले, “माझ्याकडून आलं असेल तर? तुला तेव्हा जे सोसावं लागलं, ते माझ्यामुळे का गं?” मी काही बोलण्याआधी समुपदेशक बाई तिच्याजवळ येऊन बसल्या. कोणते गुणसूत्र मुलाला जाते हे कुणाच्याही हाती नसते, गरोदरपणात तिने केलेल्या किंवा न केलेल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही, हे त्यांनी तिला सावकाश, दोनदा सांगितले. आईवडिलांचा नमुना घेण्याआधीच हे संभाषण झाले असते तर बरे झाले असते. इतरांनी ते आधी मागून घ्यावे.

जुलैमध्ये उत्तर आले. डुप्लिकेशन आईकडून आले होते. तिचा इको केला. हृदय पूर्णपणे निर्दोष होते. त्यामुळे हा बदल निरुपद्रवी असण्याकडे कल झुकला, पण गट बदलला नाही, कारण काही बदल एकाच कुटुंबात एकाला त्रास देतात आणि दुसऱ्याला देत नाहीत. शिवाय मावशीच्या बाळाची नोंद वंशावळीत होतीच. मावशीची तपासणी झाली, तर आणखी थोडे कळेल, असे तज्ज्ञांनी सुचवले. मी तिला भेटून सगळे समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “मला आता त्यात परत जायचं नाही.” तिने नकार दिला आणि आम्ही तो विषय तिथेच थांबवला. वैज्ञानिकदृष्ट्या एक दुवा कमी राहिला. परंतु नमुना देण्याचा किंवा न देण्याचा अधिकार ज्याचा त्याचा असतो, या मताशी मी ठाम आहे.

त्यानंतर जनुकांचा क्रम वाचणारी एक्सोम चाचणी करावी का, हा प्रश्न आला. माझ्यात हृदयदोषाव्यतिरिक्त दुसरी शारीरिक वैशिष्ट्ये नसल्यामुळे तिच्यातून निश्चित उत्तर मिळण्याची शक्यता तुलनेने कमी होती आणि आणखी अनिश्चित बदल सापडण्याची शक्यता मात्र होती. आम्ही ती सध्या करायची नाही असे ठरवले. माझ्या धाकट्या भावाने स्वतःची तपासणी करावी का असे विचारले, तेव्हा तज्ज्ञांनी नको म्हटले, कारण ज्या बदलाचा अर्थच ठरलेला नाही, तो त्याच्यात सापडला तरी त्यावरून कोणताही वैद्यकीय निर्णय घेता येणार नव्हता. याच कारणासाठी गरोदरपणात गर्भाची या डुप्लिकेशनसाठी मुद्दाम चाचणी करण्याचा सल्लाही त्यांनी दिला नाही.

आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले. सर्वसाधारणपणे शंभरातल्या साधारण एका बाळाला जन्मजात हृदयदोष असतो. ज्या आईला स्वतःला असा दोष आहे आणि त्यामागे ओळखता येणारा सिंड्रोम नाही, तिच्या बाळाला तो असण्याची शक्यता दोषाच्या प्रकारानुसार बदलते. आम्हाला ती ३ ते ५ टक्के सांगितली गेली. ५० टक्क्यांच्या भीतीखाली काढलेल्या महिन्यांनंतर हा आकडा ऐकताना नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. गरोदरपणापूर्वी माझ्या हृदयाची सविस्तर तपासणी, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, आणि १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाचा तपशीलवार इको, एवढी योजना लेखी मिळाली.

अहवालाची पूर्ण प्रत मागून घ्यावी, केवळ सारांशावर समाधान मानू नये. त्यात बदलाचे नेमके स्थान आकड्यांत दिलेले असते आणि ते जीनोमच्या कोणत्या आवृत्तीनुसार आहे, जीआरसीएच३७ की जीआरसीएच३८, हेही नमूद केलेले असते. आवृत्ती बदलली की तेच स्थान वेगळ्या आकड्यांत लिहिले जाते, त्यामुळे पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेने तुलना करताना ही ओळ लागते. अनिश्चित गटातील बदलांचा अर्थ नव्या माहितीमुळे काही वर्षांनी बदलू शकतो, पण तो बदलला की प्रयोगशाळा आपणहून कळवेलच असे नाही. फेरतपासणीची विनंती आपण करावी लागते. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर जुलै २०२६ ही तारीख लिहिली आहे, आणि त्याआधी गरोदर राहिले तर तेव्हाच विनंती करायची असे ठरले आहे. अहवालाची एक प्रत हृदयरोगतज्ज्ञांकडे दिली आहे आणि १९९३ चा कागद तिच्यामागे जोडलेला आहे.